अंथरुणाशी राबणाऱ्या हातांचा हिशेब सरकार कधी करणार?

"डॉक्टर, घरात दिव्यांग माणूस असेल तर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते ना?" हा प्रश्न मला नोकरदार नातेवाईक नेहमी विचारतात. सूट मिळते. पण ती कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही हे नीट पाहिलं, की चीड येते.

सूट नेमकी काय आहे?

1961 च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम 80डीडी सांगतं: अवलंबून असलेल्या जोडीदार, मुलं, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल आणि त्याच्या उपचारावर, शुश्रूषेवर तुम्ही खर्च करत असाल, तर उत्पन्नातून 75,000 रुपये वजा होतात. अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपये.

आता गणित करा. 30 टक्के कर भरणाऱ्याचे यात 37,500 रुपये वाचतात. 20 टक्केवाल्याचे 25,000. आणि ज्याला कर लागतच नाही, त्याचे शून्य. पक्षाघात तोच, बेडसोरही तेच, पण ज्याची कमाई जास्त त्याला मदत जास्त! शिवाय नव्या करपद्धतीत ही वजावट मिळतच नाही.

आपल्या जिल्ह्यात काय होतं?

यवतमाळात बहुतेक घरं शेतीवर आणि शेतमजुरीवर चालतात. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, मजुराचं उत्पन्न करापर्यंत पोचत नाही. म्हणजे 80डीडी त्यांच्यासाठी कागदावरच.

मग त्यांना काय? संजय गांधी निराधार योजना. दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये महिना 1,500 वरून 2,500 रुपये झालं, हे चांगलंच झालं. पण अट काय, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत. महिन्याला साधारण 4,200 रुपये! नवराबायको दोघं मजुरीला गेली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. असं घर अनुदानासाठी श्रीमंत आणि करसवलतीसाठी गरीब ठरतं. दोन्ही दारं बंद.

कर मात्र तेही भरतात. व्हीलचेअरवर 5 टक्के जीएसटी आहे. डायपरवरही 5 टक्के आहे, आणि सप्टेंबर 2025 पर्यंत तो 12 टक्के होता.

आणि जी राबते तिचं काय?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. अंग पुसणं, भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं वेगळंच. हे बहुतेक घरांत आई, बायको किंवा सून करते. त्यासाठी तिची निंदणाची, कापूस वेचणीची मजुरी बुडते. पुढे तिचीच कंबर जाते, बीपी वाढतं, आणि ती स्वतःला दाखवायला येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. कायद्याला खर्च करणारा दिसतो, राबणारी दिसत नाही.

"आईनं लेकराचं केलं त्याचे पैसे कसले?" असं काही जण म्हणतात. आईनं पैसे मागितलेले नाहीत. पण तिनं हात टेकले तर तोच रुग्ण सरकारी वॉर्डात येईल, आणि तो खर्च सरकारच करेल. आज ती सरकारचंच काम फुकटात करते आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. सोबत "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" ही पळवाटही आहे. केरळने आश्वासकिरणम् योजनेतून काळजीवाहकांना महिना 600 रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी, पण निदान त्या कामाची दखल तरी घेतली. माझ्याकडे येणाऱ्या एकाही घरात असा भत्ता आलेला मी पाहिलेला नाही.

भत्ता देताना परदेशातल्या चुका मात्र नकोत. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान 35 तास काळजी घेणाऱ्याला भत्ता मिळतो, पण तो करपात्र उत्पन्नात धरतात. एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढायचं.

मागणी साधी आहे

काळजीवाहक भत्ता थेट राबणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात द्या. तो पूर्ण करमुक्त ठेवा आणि निराधार योजनेच्या उत्पन्नात धरू नका. 50,000 ची मर्यादा वाढवा. व्हीलचेअर, डायपरवरचा कर काढा.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

- अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. दोन्हीकडे हेच लागतं.
- उत्पन्न मर्यादेत असेल तर तहसील कार्यालयात निराधारचा अर्ज करा.
- नोकरदारांनी जुन्या आणि नव्या, दोन्ही पद्धतींनी कराचा हिशेब करून बघावा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असेल तर फॉर्म 10-आयए लागतो. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात क्रमांक बदलतात, तेव्हा सीएला विचारा.
- रुग्णाला तपासायला आणाल तेव्हा त्याचं करणाऱ्या बाईचंही बीपी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि मत मागायला कोणी दारात आलं, तर त्याला एकच विचारा: कलम 24 मधला भत्ता कुठे आहे?