'स्वभावाला औषध नाही' म्हणण्यापूर्वी

आमच्या समुपदेशन केंद्रात एक ताई आल्या होत्या. वय ४७. मारहाण नव्हती, पण पंचवीस वर्षं घालूनपाडून बोलणं, पैशापैशाचा हिशोब आणि तोंड उघडायची चोरी. जिना चढताना दम लागतो, पाठ भरून येते, असंही त्या म्हणाल्या. दवाखान्यात त्यांना ‘ॲसिडिटी आहे, फार विचार करू नका’ असं सांगून गोळ्या दिल्या होत्या. मीही त्यांची तक्रार ‘मानसिक ताण’ या रकान्यात लिहून मोकळी झाले. दोन महिन्यांनी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने त्या वाचल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘कुढायचा स्वभावच तिचा. स्वभावाला औषध नाही.’

ते वाक्य आणि माझा तो रकाना, दोन्ही मला टोचत राहिले.

स्वभाव आणि हृदय यांचा संबंध आधी मांडला गेला तो पुरुषांसाठी. १९५९ साली अमेरिकेत फ्रीडमन आणि रोझेनमन या डॉक्टरांनी सतत घाईत, चढाओढीत असणाऱ्यांना ‘टाइप ए’ म्हटलं. त्यांच्या पुढच्या मोठ्या अभ्यासात तीन हजारांवर माणसं होती, सगळे पुरुष! १९९० च्या दशकात योहान डेनोलेट यांनी ‘टाइप डी’ मांडला: मनात कायम काळजी, खिन्नता आणि चारचौघांत ती दाबून ठेवणं. वाचताना आपल्याकडची ‘सोशिक बाई’च डोळ्यांसमोर येते. मात्र पुढच्या काही अभ्यासांत हा संबंध तितका ठळक दिसला नाही. तेव्हा स्वभावाचा शिक्का मारताना जपूनच.

मग शरीरात घडतं काय? जखम झाली की सूज येते, लाली येते. हा दाह म्हणजे शरीराची संरक्षणाची रीत. पण मनावरचा ताण वर्षानुवर्षं टिकला, तर तो दाह मंद आचेवर धुमसत राहू शकतो. रक्तवाहिनीत साठलेला चरबीचा थर त्याने कमकुवत होतो. थर फाटला की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २९३ जणांच्या एका अभ्यासात, मेंदूतलं भीतीशी निगडित केंद्र ज्यांच्यात जास्त जागं होतं, त्यांच्या रक्तवाहिन्यांत दाह जास्त आढळला आणि पुढे हृदयविकारही जास्त झाले.

आणि ताण कुठला? स्टॉकहोममध्ये हृदयविकार होऊन गेलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. नवऱ्याशी वा जोडीदाराशी असलेल्या संबंधांत ज्यांना तीव्र ताण होता, त्यांना पुन्हा त्रास होण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. नोकरीतल्या ताणाचा तसा परिणाम दिसला नाही. ज्याला आपण ‘घरातली बाब’ म्हणतो, ती अशी काळजापर्यंत पोचते.

मिसरी, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांचा वाटा मोठा आहेच. सगळं मनावर ढकलून चालणार नाही. पण ‘तुझा स्वभावच तसा’ म्हणणं म्हणजे आजाराचा दोषही बाईच्याच पदरात टाकणं. पंचवीस वर्षं गप्प बसवलेल्या बाईच्या गप्प बसण्याला स्वभाव कसा म्हणायचा?

मैत्रिणींनो, आपलंही थोडं चुकतं. आपण मनाचं ऐकतो आणि शरीराचं डॉक्टरांवर सोपवतो. डॉक्टर शरीर तपासतात आणि घराबद्दल विचारत नाहीत. मधल्या फटीत बाई पडते. आमच्या केंद्राच्या अर्जात आम्ही आता नवे प्रश्न घातले आहेत: दम लागतो का? छाती, पाठ, जबडा, हात दुखतो का? मळमळ, घाम, विलक्षण थकवा? रक्तदाब, साखर शेवटची कधी तपासली? उत्तर ‘हो’ असेल, तर आमची एक कार्यकर्ती सोबत दवाखान्यात जाते आणि ईसीजी काढायला सांगते. दुखणं अचानक उठलं, तर थेट १०८ ला फोन.

आपापल्या गटांत हे प्रश्न विचारून पाहा. उत्तरं ऐकताना ती कुठल्या रकान्यात लिहायची याची घाई मात्र करू नका.