कॅट बांधणाऱ्या मल्लांस

खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी पत्त्यांना जी प्रतिष्ठा लाभते, ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्यांच्या वाट्यास येत नाही. सकाळी पितरांच्या नावाने घागर भरून झाली, खापरावरची पुरणपोळी आणि वर्षातला पहिला आमरस पोटात गेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गौराईची गाणी म्हणू लागल्या आणि सालदारांचे जुने साल संपून नव्याची बोली पक्की झाली, म्हणजे एरवी ज्यांनी पत्त्याला हात लावल्यास घरात चार दिवस अबोला धरला जाईल असे गृहस्थसुद्धा निंबाच्या सावलीत घोंगडी पसरून उजळ माथ्याने डाव मांडतात. धुळे-जळगावच्या कोणत्याही खेड्यात हे दृश्य दिसते. त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. कारण झन्ना-मन्नाच्या घोंगडीवर सालदाराची आगाऊ उचल एका दुपारीत उडालेली मी पाहिली आहे. परंतु यंदाच्या आखाजीस आमच्या ओसरीवर जो डाव बसला, त्यात पैशाचा लवलेश नव्हता आणि बुद्धीचा कस मात्र पुरेपूर लागला.

अमेरिकेत स्थायिक झालेला माझा एक भाचा मुलाबाळांसह आला होता, आणि त्याच्या सामानात त्याच्या विद्यार्थिदशेतील एक जुना डबा होता. दूरचित्रवाणीवर जी अमेरिकन कुस्ती दाखवतात, त्या कुस्तीवरचा ‘रॉ डील’ नावाचा पत्त्यांचा खेळ कॉमिक इमेजेस या कंपनीने 2000 साली काढला आणि 2007 पर्यंत चालवला. त्याचेच हे पत्ते. आमच्याकडील मुलांना कुस्तीचे पत्ते नवे नाहीत. नव्वदीच्या दशकात जळगावच्या शाळांबाहेरील टपऱ्यांवर मल्लांच्या छायाचित्रांचे पत्ते मिळत आणि त्यांवर उंची, वजन, छाती, दंड, एकूण लढती, जिंकलेल्या लढती आणि क्रमांक असा तपशील एखाद्या तालुक्याच्या दप्तरातील नोंदीसारखा छापलेला असे. मधल्या सुट्टीत पोरे ‘वजन!’ म्हणून ओरडत, आणि ज्याच्या पत्त्यावर अगडबंब योकोझुना निघे तो बाकीच्यांचे पत्ते उचलून नेई. त्या खेळात मौज होती, पण योजना नव्हती. वाटणीत जे येईल त्यावर समाधान मानायचे. ‘रॉ डील’ची गोष्ट निराळी, कारण त्यात पत्ते कोणी वाटत नाही. शेकडो पत्त्यांतून साठ पत्त्यांचा कॅट आपला आपण बांधून आणायचा असतो आणि लढतीचा निम्मा निकाल घरीच, कॅट बांधतानाच लागून गेलेला असतो.

या खेळाचा जो मूळ नियम आहे, त्याच्या रचनेतील कल्पकतेस दाद दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. साठ पत्त्यांचा गठ्ठा हेच मल्लाचे शस्त्रागार आणि हेच त्याचे आयुष्य. प्रतिस्पर्ध्याने पाच गुणांचा प्रहार केला, तर आपल्या गठ्ठ्यावरचे पाच पत्ते उलटून बाहेर टाकावे लागतात, म्हणजे जे डाव उद्या टाकायचे म्हणून राखून ठेवले होते तेच आज मार म्हणून खर्ची पडतात. गठ्ठा संपला की कुस्ती संपली. जो प्रहार यशस्वी होतो तो खेळणाऱ्यासमोर उघडा राहतो, आणि अशा सर्व प्रहारांची बेरीज हा त्याचा जोर. मोठा डाव टाकावयाचा तर तितका जोर आधी जमवलेला असावा लागतो. प्रत्येक डावाला तोड असते, हे तालमीतील पहिले सूत्रही येथे आहे. ही तोड हातातून टाकता येते, इतकेच नव्हे, तर मार खाताना उलटलेल्या पत्त्यांत योग्य ती तोड निघाली, तर प्रहार तेथेच थांबतो आणि पाळी संपते.

भाच्याचा चौदा वर्षांचा मुलगा ‘आक्रमक’ कॅट बांधावयास बसला आणि त्याने तेच केले जे कोणत्याही नवशिक्याने केले असते: डब्यातील सर्वांत भयंकर डाव, ज्यांवर सर्वांत मोठे आकडे आणि सर्वांत आवेशाची चित्रे होती, ते सगळे निवडले. पहिल्या लढतीत सात पत्ते हातात घेऊन तो बसून राहिला, कारण त्या सातांपैकी एकही डाव टाकण्याइतका जोर त्याच्याजवळ नव्हता आणि जोर जमवण्यासाठी लागणारे हलके डाव त्याने क्षुद्र म्हणून डब्यातच ठेवले होते. त्याचा बाप चिल्लर प्रहारांनी त्याचा गठ्ठा पोखरीत होता. दहा मिनिटांत पोरगा चितपट झाला आणि पत्ते घोंगडीवर आपटून उठला.

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध वस्ताद राहतात. तरुणपणी पंचक्रोशीतल्या यात्रांच्या दंगली त्यांनी गाजवल्या. आता गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. इंग्रजी अक्षर त्यांना येत नाही. त्यांनी मुलाला परत बसवले, एकेक पत्ता त्याच्यापुढे धरून फक्त दोन प्रश्न विचारले, याला जोर किती लागतो आणि हा मारतो किती, आणि उत्तराप्रमाणे घोंगडीवर तीन ढीग केले: मुळीच जोर न लागणारे, थोडा लागणारे आणि पुष्कळ लागणारे. मग पहिला ढीग मुलाकडे सरकवून ते अहिराणीत म्हणाले, “भाऊ, पहिले त्याना दम काढ, मंग डाव टाक.” आक्रमक कॅट कसा बांधावा याविषयी यापेक्षा मोलाचा सल्ला मला तरी ठाऊक नाही.

या सल्ल्यामागे अंकगणित आहे, आणि माझी हयात सरकारी हिशेबखात्यात गेली असल्यामुळे ते मांडण्याचा मोह मला आवरत नाही. समजा, प्रतिस्पर्ध्याच्या साठ पत्त्यांत आपल्या डावास लागू पडतील अशा बारा तोडी आहेत. दोन गुणांचा हलका प्रहार केला, तर उलटलेल्या दोन पत्त्यांत तोड निघण्याचा संभव शंभरांत सुमारे 36. दहा गुणांचा मोठा प्रहार केला, तर तोच संभव नव्वदीच्या घरात जातो. मोठा डाव अडला तरी तोपर्यंत उलटलेले पत्ते गेले ते गेलेच, हे खरे. परंतु पाळी हातची जाते. म्हणून हलक्या प्रहारांनी प्रथम जोर वाढवावा, प्रतिस्पर्ध्याच्या तोडी उलटून बाहेर पडू द्याव्यात आणि मोठे डाव मोजके, पाच-सहाच ठेवून ते अखेरीस काढावेत. एका पत्त्याच्या सहसा तीनच प्रती ठेवण्याची मुभा असल्यामुळे एकाच हलक्या डावाने सारा गठ्ठा भरता येत नाही, ही नियमकर्त्यांची दूरदृष्टी.

ज्या मल्लाच्या नावाने खेळायचे त्याची निवड हाही हिशेबाचाच प्रश्न आहे. ट्रिपल एच आरंभी दहा पत्ते हातात घेतो आणि मॅनकाइंड अवघे दोन. दहा पत्ते मिळाल्याने नवशिका हुरळून जातो. परंतु हातातले पत्ते गठ्ठ्यातूनच येत असल्याने ट्रिपल एचचे आयुष्य पन्नास पत्त्यांवर येते, तर मॅनकाइंडजवळ अठ्ठावन्न शिल्लक राहतात. आक्रमणासाठी वस्तादांनी निवडला तो केन. त्याचा गुण असा की, त्याच्या प्रत्येक पाळीच्या आरंभी प्रतिस्पर्ध्याच्या गठ्ठ्याचा वरचा पत्ता हात न लावता गळून पडतो. प्रतिस्पर्धी स्वतःच्या पाळीत एक पत्ता ओढतो, एक केन खातो. सात पत्ते हातात घेऊन बसलेल्या मल्लाचे उरलेले 53 पत्ते एकही प्रहार न होता 27 फेऱ्यांत आटोपतात. व्याजाचा तगादा लावणाऱ्या जुन्या सावकाराची ही रीत आहे. मुद्दल मागावे लागतच नाही.

आता आक्रमणाच्या पुरस्कर्त्यांनी जी चूक हटकून केलेली असते ती सांगतो. दर फेरीस पत्ता एकच मिळतो आणि आवेशात तीन-तीन टाकले, तर सातांचा हात चौथ्या फेरीस तीन पत्त्यांनाही महाग होतो. रसद तुटलेले सैन्य कितीही शूर असले तरी तळावर परत येते. म्हणून नवे पत्ते ओढू देणारे, प्रहार न करणारे साधे पत्ते आक्रमक कॅटमध्येच अधिक लागतात. आणि तोडींना सर्वस्वी फाटा देणे हे तर आत्मघाताचे कृत्य होय. वस्तादांनी मुलाकडून तोडी काढविल्या नाहीत, कमी करविल्या, आणि ज्या ठेवल्या त्या स्वस्त ठेवल्या. दुसऱ्या लढतीत मुलगा जिंकला. तिसऱ्या लढतीत तो पुन्हा हरला, हेही नमूद केले पाहिजे; त्याच्या बापाला वीस वर्षांचा सराव होता.

हे सर्व पाहताना मला राहून राहून आमच्या मातीची आठवण होत होती. महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन 1962 साली धुळ्यास भरले आणि भगवान मोरे यांनी किताब घेतला. 1966 साली ते जळगावास भरले आणि दीनानाथ सिंह विजयी झाले. पुढे चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे तो मान मिळवून खानदेशाच्या पदरात टाकला. अशा मुलखातल्या यात्रांत हल्ली काय दिसते? हलगी कडाडते, पंच दोघांचे हात मिळवतात, आणि दोन धिप्पाड मल्ल एकमेकांच्या मानेवर हात ठेवून खडाखडीतच वीस मिनिटे घालवतात. प्रेक्षक ओरडतात, इनाम देणारा घड्याळ पाहतो आणि जोड बरोबरीत सोडवली जाते. ऑलिंपिकच्या गादीवरील फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात आणि जो केवळ वेळ काढतो त्याला तीस सेकंदांत गुण मिळवण्याची ताकीद दिली जाते. नाही मिळवला, तर एक गुण प्रतिस्पर्ध्यास जातो. आमच्या यात्रा समित्यांना ही तजवीज मातीत करावयास काय हरकत आहे, हे मला उमगत नाही. खडाखडी वाईट नव्हे. वस्तादांचा सल्लाही प्रथम दम काढण्याचाच आहे. परंतु दम काढून झाल्यावर डाव टाकणे हा त्या सल्ल्याचा उत्तरार्ध असून तो आमचे पुष्कळ मल्ल सोयीस्करपणे विसरले आहेत.

एक गंमत मात्र येथे सांगितली पाहिजे. ज्या अमेरिकन कुस्तीवर हे पत्ते बेतले आहेत, तिच्यात कोण जिंकणार हे लढतीपूर्वीच ठरलेले असते. ती कुस्ती म्हणजे तालेवार नटांचे नाटक. त्या नाटकावर आधारलेल्या पत्त्यांत मात्र निकाल आधी कोणालाच ठाऊक नसतो.

पत्ते म्हटले की आमच्याकडील सुशिक्षित पालकांच्या कपाळास आठी पडते, आणि आखाजीचा अनुभव जमेस धरता ती अगदीच अस्थानी नाही. तथापि, मुंबईच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेदेखील निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. इंग्रज अंमलदारास जो विवेक सुचला, तो आपल्याला सुचावयास हरकत नसावी. मेंढीकोट खेळताना कोणती दश्शी कधी उतरवावी याचा विचार करणारी आजी आणि साठ पत्त्यांचा कॅट बांधणारा तिचा पणतू हे एकाच विद्येचे उपासक आहेत. भेद असलाच तर इतका की, पणतूला चूक दुसऱ्यावर ढकलता येत नाही. आजीला वाईट पाने आली तर दोष वाटणाऱ्याचा. याचा कॅट त्याने स्वतः बांधलेला असतो.

माझी विनंती जळगाव आणि धुळ्याच्या तालमींना, छापखान्यांना आणि उन्हाळी शिबिरे भरवणाऱ्या शिक्षकांना आहे. अमेरिकेतील मल्लांची चित्रे असलेला हा डबा आता जुन्या बाजारातच मिळायचा. परंतु ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकेरी पट, घिस्सा, भारंदाज आणि टांग हे डाव, त्यांच्या तोडींसह, वस्तादांच्या बोटांत अद्याप जिवंत आहेत. त्यांना विचारून प्रत्येक डावास लागणारा जोर आणि होणारा मार ठरवावा, मातीतल्या मल्लांचे पत्ते करावेत आणि मराठीत असा एक कॅट छापावा. काम फार खर्चाचे नाही. मात्र ज्यांना विचारावयाचे, ते वस्ताद आता थोडेच उरले आहेत, म्हणून विलंब नको. पुढच्या आखाजीपर्यंत कोणी तो छापून आणलाच, तर आमच्या ओसरीवर जागा आहे. घोंगडी मी घालीन, पिसण्याचे काम तेवढे तरुणांनी करावे.