प्रोटॉनच्या मरणाची प्रतीक्षा

प्रोटॉन अमर आहे, अशी पदार्थविज्ञानाची दीर्घकाळ श्रद्धा होती. १९७३ साली जोगेश पती व अब्दुस सलाम यांनी, आणि पुढच्याच वर्षी जॉर्जाय व ग्लॅशो यांनी तिला तडा दिला. निसर्गातील निरनिराळी बले मुळात एकच असतील, तर प्रोटॉनही कधीतरी क्षय पावला पाहिजे. त्याचे आयुर्मान १ वर ३१ शून्ये इतकी वर्षे असावे, असा एक अंदाज निघाला. विश्वाचेच वय सुमारे १४ अब्ज वर्षे. तेव्हा एका प्रोटॉनपुढे बसून राहण्यात अर्थ नव्हता. परंतु १४० टन लोखंडात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून सुमारे ८ वर ३१ शून्ये इतके कण असतात. त्यांतील काही तरी वर्षभरात फुटावेत!

हाच हिशेब मांडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह १९८० मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोलीवर, वायूने भरलेल्या लोखंडी नळ्यांचे थर रचले. विश्वकिरणांचा मारा अडविण्यास एवढा खडक डोक्यावर हवाच. काही नोंदी प्रोटॉनक्षयासारख्या दिसल्या आणि जगभर चर्चा झाली. पण अमेरिका व जपानमधील मोठ्या प्रयोगांनी त्यांना दुजोरा दिला नाही.

याला अपयश म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. प्रोटॉन फुटला नाही, म्हणूनच एकीकरणाचा सर्वांत सोपा सिद्धांत बाद झाला. जपानमधील कामिओकाच्या खाणीतही तो आजवर फुटलेला नाही. क्षयाच्या एका प्रमुख प्रकारासाठी त्याचे आयुर्मान २ वर ३४ शून्ये वर्षांहून अधिक असल्याचे तेथे ठरले आहे. पण जपानने दुकान बंद केले नाही. त्याच खाणीत १९८७ साली एका स्फोटक ताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले गेले आणि १९९८ साली न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचा पुरावा मिळाला.

वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो १९६५ मध्येच नोंदविणाऱ्या कोलारचे काय झाले? सोने परवडेनासे झाले. प्रयोग १९९० च्या दशकाच्या आरंभी थांबला, २००१ मध्ये खाण बंद पडली आणि ती पाण्याने भरत गेली. पंप चालू ठेवणे खर्चाचे होते, हे मान्य. परंतु खाण सरकारी, संशोधनही सरकारी. तरीही प्रयोगशाळेचे भवितव्य सोन्याच्या जमाखर्चावर ठरावे? तमिळनाडूतील तेणीजवळ योजलेली न्यूट्रिनो वेधशाळा अद्याप उभी राहिलेली नाही. कामिओका परिसरात मात्र सुमारे २ लाख ६० हजार टन पाण्याचे नवे यंत्र उभारले जात आहे.