सस्पेन्स खात्याचा स्क्रू

कार्ब्युरेटरच्या मिक्श्चर-स्क्रूला हात लावायचा तर सरकारी परवाना लागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी चालवायला लागतो, मग बिघडवायला का नको?

माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. सिग्नलला ती बंद पडू लागली की गॅरेजवाला बॉनेट उघडतो, इकडेतिकडे न बघता त्या स्क्रूत स्क्रू-ड्रायव्हर घालतो आणि "साहेब, स्लो सेट केला, अ‍ॅव्हरेजपण वाढेल" म्हणत हात पुढे करतो. अहो, कसले अ‍ॅव्हरेज? उभ्या गाडीत धुगधुगणाऱ्या इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे, एवढाच या स्क्रूचा अधिकार. गाडी पळू लागली की कारभार मेन जेटकडे! शिपायाचा चहा तोडून बँकेचा नफा वाढवण्यातला हा प्रकार.

आमच्याकडे न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. टाकणाऱ्याची संध्याकाळ वाचते, फरक तिथेच राहतो. गॅरेजवाल्यांनी या स्क्रूचे सस्पेन्स खाते केले आहे. प्लग काळे? टाका स्क्रूत. एअर फिल्टर चोंदला? टाका स्क्रूत. कार्ब्युरेटरखालच्या गास्केटमधून हवा शिरतेय? तीही टाका. वास्तविक हे सगळे टॅली झाल्यावर, सर्वांत शेवटी याला हात लावायचा. इंजिन चांगले गरम, चोक बंद; मग स्क्रू हळूहळू फिरवायचा, इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखे चालेल तिथे थांबायचे, आणि वाढलेला वेग थ्रॉटलच्या दुसऱ्या स्क्रूने उतरवायचा. पाच मिनिटांचे काम. पण आमचा वीर तो पाण्याच्या नळासारखा आवळतो! त्याच्या निमुळत्या टोकाला एकदा खाच पडली की पुढे कितीही फिरवा, इंजिन ढिम्म ऐकत नाही.

खरी कमाल पीयूसीच्या दिवशी. उभ्या जुन्या कारच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांहून जास्त चालत नाही. म्हणून तपासणीआधी स्क्रू थोडा आत, कागद हातात पडला की पुन्हा बाहेर. इन्स्पेक्शनपुरती कॅश जुळवून ठेवणारा कॅशियर आमच्याकडे निलंबित होतो. इथे त्याला वर चहापाणी मिळते. आणि तो वायू जातो कुठे? सिग्नलला मागे स्कूटरवर आईला बिलगून बसलेल्या पोराच्या नाकात. त्याला ना रंग, ना वास, म्हणून कोणी भांडतही नाही.

हल्ली मी स्क्रू नीट लावून झाला की त्याच्या डोक्यापासून कार्ब्युरेटरपर्यंत सौ.च्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ठेवतो. स्क्रू हलला की रेघ तुटते. गॅरेजवाला परवा दुखावून म्हणाला, "साहेबांचा आमच्यावर विश्वास नाही."

नाही.