स्वागत पाहुण्यांचं करतात

गेल्या दिवाळीपासून आमच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तिचं नाव 'कुठे राहायचं'. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहोत, दोघांनाही घरून काम करायची मुभा आहे आणि पुण्याचं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं. शहर सोडून एखाद्या गावात राहायचं, इथवर आमचं एकमत झालं. मग जोडीदारानं रकाने आखले. इंटरनेट, पाणी, दवाखाना, वीज किती वेळा जाते, भाडं किती. शेवटचा रकाना होता 'स्वीकार', दहापैकी गुण. आम्ही दोघं पुरुष आहोत आणि सहा वर्षं एकत्र राहतोय, म्हणून हा रकाना.

गोव्यातल्या एका गावाला आठ मिळाले. ऑरोव्हिलला नऊ. शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, म्हणजे माझं गाव, त्याला दोन. तेही माझ्या आईच्या हातच्या जेवणासाठी दिले असावेत.

हा लेख त्या शेवटच्या रकान्याच्या विरोधात आहे.

आमच्या मित्रमंडळींत कुणीही शहर सोडायचं म्हटलं की दहा जण दहा गावं सुचवतात. तिथले लोक किती मोकळे आहेत, कुणी कसं काही विचारत नाही, कॅफेत कसे सगळे आपल्यासारखेच असतात, असं सांगतात. यातलं बहुतेक खरंही असतं. पण स्वागत कुणाचं करतात हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. स्वागत पाहुण्याचं करतात. घरच्या माणसाला कुणी 'या, बसा' म्हणत नाही. ज्या गावांना आपण 'स्वागत करणारी' म्हणतो, त्यांतली बरीचशी पर्यटकांवर जगणारी आहेत, आणि आगाऊ भाडं भरणाऱ्या दोन पगारदार माणसांशी ती चांगलं वागतात. अशा बाहेरच्या लोकांमुळे गावातली घरं गावातल्यांनाच परवडेनाशी होतात, हा राग गोव्यात आहे आणि तो रास्त आहे. त्या रांगेत आम्हीही जाऊन उभे राहिलो असतो.

मला त्या गावाबद्दल वेगळाच प्रश्न पडतो. त्या गावातला स्वतःचा समलिंगी मुलगा कुठे आहे? कॅफेवाल्याचा, बस कंडक्टरचा, मासेवालीचा? तो तिथे आपल्या जोडीदारासोबत राहतो का? की तो पुण्यात, बंगळुरात, हिंजवडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये बसून दुसऱ्या कुठल्या गावाला गुण देतोय? गावाची परीक्षा घ्यायची तर मला हीच एक कसोटी खरी वाटते. त्या कसोटीवर आमच्या शीटमधली बहुतेक गावं शिरपूरच्याच ओळीत येऊन बसतात.

शहराचं कौतुकही मी अर्धंच ऐकतो. पुण्यात घर शोधताना एका मालकानं विचारलं, "दोघं भाऊ का?" आम्ही 'मित्र' म्हणालो. 'मित्र' ऐकून त्याला बॅचलरांच्या दारूची काळजी वाटली. 'भाऊ' म्हणालो असतो तर घर मिळालं असतं. पुढच्या घरी आम्ही मावसभाऊ झालो. चार वर्षं मावसभाऊ आहोत. शहर आम्हाला स्वीकारतं असं म्हणण्यापेक्षा, शहराला आमच्याकडे बघायला वेळ नाही, असं म्हणू. तेवढंही कमी नाही. माझ्यासारख्या मुलानं अठराव्या वर्षी बॅग भरून निघावं ते त्याच्यासाठीच. पण कुणी बघत नाही म्हणून जगता येणं वेगळं आणि सगळ्यांनी बघितल्यावरही जगता येणं वेगळं.

विदर्भ या बाबतीत अगदी कोरा आहे असंही नाही. आमच्या शेजारच्या यवतमाळात डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या, आयआयटीत शिकलेल्या एका अभियंत्यानं आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी लग्न केलं. तेव्हा कलम ३७७ अजून जिवंत होतं; सर्वोच्च न्यायालयानं ते सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं ६ सप्टेंबर २०१८ ला. नागपुरात अभिमान यात्रा निघते. २०२१ च्या अखेरीस तिथेच दोन डॉक्टर मुलींनी नातेवाइकांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या. पण बातम्या नीट वाचा. यवतमाळात लग्न, राहायचं अमेरिकेत. नागपुरात अंगठ्या, आणि लग्नाचा बेत गोव्याचा. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मला एवढंच दिसतं की आमच्या भागात असं नातं समारंभापुरतं येऊन जातं. ते इथे वाणसामान भरायला थांबत नाही.

आता शिरपूर. माझा आणि वाशिम जिल्ह्याचा जन्म एकाच वर्षातला, १९९८ चा. मी कॉलेजात असताना, २०१८ मध्ये, नीती आयोगानं वाशिमला देशातल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत घातलं, म्हणजे सरकारी भाषेत मागास. गावाची ओळख मात्र त्याहून जुनी आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता उभी आहे अशी श्रद्धा, आणि ती मूर्ती कुणाची यावरून श्वेतांबर आणि दिगंबर यांच्यात शतकभराहून जुना वाद. १९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, तरी प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९२९ मध्ये तिथून निकाल आला. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मंदिराला कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ च्या आदेशानंतर उघडलं. चाळीसहून अधिक वर्षं. माझं सगळं बालपण त्या कुलपात गेलं. लोक झरोक्यातून दर्शन घ्यायचे. देव आत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, दार उघडण्याचा विषय मात्र चहाच्या टपरीवर कुणी काढत नसे. वाद होणार हे माहीत होतं.

माझ्या घरात हाच कारभार चालतो. आईला मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं. तिचा पहिला प्रश्न 'मुलगा कसा काय' हा नव्हता. तिनं विचारलं, "कोनाचा हाये?" म्हणजे जात. ते कळल्यावर ती बराच वेळ तूर निवडत बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुह्या दोस्ताले घेऊन राह्य ना इथं. घर मोठं हाये. कोन नाही म्हंते? पन तोंडानं सांगत नको फिरू."

राहा, पण सांगू नका. खेड्यातली सहिष्णुता म्हणतात ती अशी असते. अनेक चांगल्या माणसांना ती पुरेशी वाटते. गावात पूर्वीपासून सगळं चालतच होतं, उगाच नावं देऊन तुम्ही बभ्रा करता, असं मला पुण्यातल्या पुरोगामी लोकांनीही ऐकवलं आहे. दाखल्याला अर्धनारीनटेश्वर येतो, तमाशातला नाच्या येतो, जोगते येतात. बरोबर आहे, गावानं त्यांना जागा दिली. पण ती जागा एखाद्या भूमिकेची होती, फडावरची किंवा देवाच्या दारातली. घरातली नव्हती. नाच्याला टाळ्या मिळाल्या, पण त्याच्या जोडीदाराचं नाव कुठल्या कागदावर लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

न सांगण्याची किंमत कागदावरच मोजावी लागते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव लागलं. चार एकर, सोयाबीन आणि तूर. उद्या मला काही झालं तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे माझा वाटा आईला जाईल. आईनंतर भाऊबंद. त्याचा या यादीत पत्ताच नाही. तो सांगलीच्या बँक कारकुनाचा मुलगा, शेतकरी नाही, म्हणून त्याला इथली शेतजमीन सरळ विकतही घेता येत नाही. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे आणि बिगरशेतकऱ्याला जमीन देण्यावर त्यात निर्बंध आहेत. मृत्युपत्र करू म्हटलं, तर गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं की बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्रानंही अशी जमीन देता येणार नाही. तो कायदा गुजरातचा असला तरी आमच्या वकिलानं तो वाचून मान हलवली. लग्न झालेल्या बाईला यातलं काही वाचावं लागत नाही. लग्नाचं दार १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी बंद केलं. विवाह हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा, असं ते म्हणाले. संसदेला अजून सवड झालेली नाही.

काही फटी मात्र उघडल्या आहेत, आणि त्या गावातल्या माणसाला शहरातल्यापेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला कसलीही आडकाठी नाही. अन्न व सार्वजनिक वितरण विभागानं सगळ्या राज्यांना कळवलं की शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातले समजावेत. जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असं आरोग्य मंत्रालयानं लिहिलं. मी हे मोबाइलवर घेऊन एका सेतू केंद्रात गेलो. तिथला मुलगा माझ्याच वयाचा, सभ्य. त्यानं वाचलं, परत वाचलं, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या ड्रॉपडाउनमध्ये आमच्यासाठी ओळच नव्हती. "सर, सिस्टीम घेत नाही," तो म्हणाला.

मी पोटासाठी असेच फॉर्म बनवतो. ड्रॉपडाउनमध्ये एक ओळ वाढवायला पाच मिनिटं लागतात. चाचणी धरून अर्धा दिवस. त्यामुळे 'समाजाची मानसिकता बदलायला वेळ लागतो' हे वाक्य मला यापुढे ऐकवू नका. समाजाचं मन समाजापाशी. ती एक ओळ वाढवायला कुणाच्या मानसिकतेची वाट बघायची आहे?

इथे माझ्याविरुद्धचा मुद्दाही मांडला पाहिजे. हे सगळं बोलायची चैन मला परवडते, कारण माझा पगार पुण्याच्या कंपनीतून येतो, सातबाऱ्यावर माझं नाव आहे, आणि दोन पुरुष 'दोस्त' म्हणून एका घरात खपतात. दोन मुली खपत नाहीत. त्यांना न्यायला घरचे येतात, सोबत पोलीस येतात. केरळात २०२२ साली एका मुलीला आपली जोडीदार परत मिळवायला उच्च न्यायालयाचं दार वाजवावं लागलं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या उच्च न्यायालयांना सांगावं लागलं की अशा खटल्यांत मुलींना समुपदेशनाच्या नावाखाली घरी ढकलू नका. आणि माझ्या जोडीदाराच्या जातीचं उत्तर वेगळं असतं, तर आईनं तूर निवडून झाल्यावर काय म्हटलं असतं, ते मला माहीत आहे. म्हणून तर कसोटी गावच्या मुला-मुलींचीच हवी. माझ्यासारखा लॅपटॉपवाला कुठेही तरून जातो. शिरपूरची भूमिहीन घरातली मुलगी तिच्या मैत्रिणीसोबत तिथेच राहू शकेल, तेव्हा मी गावाला दहा गुण देईन.

सगळ्यात मोठा आक्षेप जोडीदाराचा होता. तो म्हणाला, "तुझं गाव, तुझी आई, तुझी जमीन. तू घरचा आहेस, ठीक. पण मी तर पाहुणाच ना? मला स्वागत लागणारच."

यावर मला आठवडाभर उत्तर नव्हतं. मग लक्षात आलं की गावाला ही गोष्ट येते. सून परकीच असते. दुसऱ्या गावची, दुसऱ्या सवयींची, कधी दुसऱ्या बोलीची. ती माप ओलांडते आणि संध्याकाळपर्यंत कुणाची काकू, कुणाची वहिनी होते. तिचं पुढे काय होतं हा वेगळा लेख आहे, तिला लाभलेला तो हक्क म्हणजे सुख असं मी म्हणत नाही. पण परक्या माणसाला एका दिवसात घरचं करण्याची रीत गावाकडे आहे आणि ती रीत नातं तोंडानं उच्चारण्यावर चालते. आई नेमकं तेच टाळायला सांगते. जोवर तो 'दोस्त' आहे, तोवर तो वीस वर्षं राहिला तरी पाहुणाच राहणार. त्याला स्वागत नको आहे, नातं हवं आहे, आणि ते चारचौघांत म्हणायला हवं.

म्हणून आम्ही शिरपूरला जातोय. सध्या सहा महिन्यांसाठी, पेरणीच्या आधी. समृद्धी महामार्ग झाल्यापासून गावाकडे जाणं सोपं झालंय, आणि नाहीच जमलं तर परत निघणंही. 'साबर बोंडं' पाहून आल्यावर तो म्हणाला होता की गावात प्रेम असू शकतं हे पटलं, पण तिथे गॅस कनेक्शन कुणाच्या नावावर असतं ते सिनेमात दाखवत नाहीत. ते आम्ही बघू.

त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. त्याच्या घरी अजून सांगितलेलं नाही, आणि ते सांगण्याचा हक्क त्याचा आहे. 'सांगू नका'च्या विरोधात एवढं लिहूनही हे नाव मलाच झाकावं लागतंय, हे मला दिसतं.

जूनमध्ये मी शिधापत्रिकेचा अर्ज पुन्हा करणार आहे. या वेळी कागदावर, दोघांच्या सहीनं, नात्याच्या रकान्यात 'जोडीदार' असं हातानं लिहून. सिस्टीम घेत नसेल तर न घेवो. मला पोच हवी आहे, आणि नकार द्यायचा असेल तर तो लेखी हवा, कारणासह, तारखेसह. आजवर आम्हाला कुणी नाही म्हटलेलं नाही, फक्त गप्प बसायला सांगितलं आहे. नाही म्हणायचं असेल तर कागदावर म्हणा.