हाक एकदाच

गेल्या रविवारी कुर्डुवाडीबाहेरच्या माळावर कारवानी कुत्र्यांची शर्यत पाहिली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. पुढे दोरीने ओढलेलं फडकं, मागे सुसाट कुत्री. त्यातलं एक तांबूस कुत्रं रेषा ओलांडून तसंच उसात शिरलं. मालक नाव घेऊन ओरडत सुटला. हाकांवर हाका, मग शिव्या. बऱ्याच वेळाने कुत्रं आपणहून आलं, शेपूट पोटाशी घेऊन. मालकाने साखळीनेच दोन फटके ओढले.

तो मार उसात जाण्याबद्दल होता, हे मालकाला ठाऊक. कुत्र्याला मात्र शेवटी केलेलंच कळतं: मालकाजवळ आलो आणि मार बसला.

परतताना रानात मेंढरं बसवलेला एक धनगर भेटला. त्याचं कुत्रंही कशाच्या तरी मागे गेलेलं. त्याने एकच हाक दिली आणि तो काठीला टेकून उभा राहिला. कुत्रं उशिरा आलं. त्याने मानेवरून हात फिरवला, भाकरीचा तुकडा दिला. न मारण्याचं कारण विचारलं, तर त्याला प्रश्नच कळेना. रात्री लांडगा आला तर याच हाकेवर वाडा राखायचा, ती हाक तो कशी नासवेल?

हाक देऊन जागेवर थांबणं स्पर्धेतही लागतं. वेल्समधल्या बाला गावी 1873 मध्ये मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा भरली. अशा स्पर्धांत आजही माणूस खुंट्यापाशी उभा असतो, कुत्रं लांब मेंढ्यांमागे. जागा सोडून धावला तर गुण जातात. परीक्षा दोघांची असते. आपल्याकडे 2016 मध्ये मुधोळ जातीच्या कुत्र्यांची पिल्लं सैन्याने प्रशिक्षणासाठी मेरठला नेली, हे सगळे अभिमानाने सांगतात. तिथे कुत्र्याबरोबर माणूसही शिकतो, हे कुणी सांगत नाही.

कारवानी कुत्रं नजरेवर धावतं. भक्ष्य दिसलं की त्याला हाक ऐकूच येत नाही. म्हणून परत येणं आधी अंगणात पक्कं करायचं: लांब दोरी, एकच शिट्टी, आलं की भाकरी. मग मोकळं रान, मग दुसरं कुत्रं सोबत, आणि फडकं सगळ्यात शेवटी. आठवडाभर साखळीला बांधून रविवारी सोडलेल्या जनावराकडून आज्ञापालन मागणं हा अन्याय आहे, हे मी पुन्हा पुन्हा लिहीन.

त्या तांबूस कुत्र्याला पुढच्या शर्यतीतही आणतील. उसाच्या कडेला ते थांबेल, मालकाकडे बघेल आणि आत शिरेल.