एसटीत सवलत, मग रेल्वेत का नाही?

बारामती-इंदापूरच्या आपल्या घरांत वडीलधाऱ्यांची इच्छा असते, एकदा अजमेर, एकदा गुलबर्गा. एसटीत ७५ वर्षांपुढे प्रवास मोफत, ६५ नंतर अर्धं तिकीट. पण तेही राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे रेल्वेचाच आधार. तिथे साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या महिलांना ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे ती थांबवली. कोरोना गेला, पाच वर्षं उलटली, सूट काही परतली नाही. सरकार म्हणतं, प्रत्येक तिकिटावर सरासरी ४६ टक्के सवलत आहेच. मग तरुण नोकरदार आणि पेन्शन नसलेला म्हातारा शेतमजूर सारखेच का? आम्हाला हे पटत नाही. काशीला निघालेल्या वारकरी आजीचंही दुखणं हेच. खालच्या बर्थचा कोटा तेवढा शिल्लक आहे : पुरुष ६०, महिला ४५. तिकीट काढताना वय नीट लिहा.